एडिटरमध्ये चालतं, फोनवर पडतं: गोडोमधल्या मेलेल्या ऑब्जेक्टचा माग

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

गोडो या गेम बनवायच्या इंजिनच्या एडिटरमध्ये गेम तासभर खेळा, काही होत नाही. रिलीज (खेळणाऱ्यांना द्यायची अंतिम आवृत्ती) एक्स्पोर्ट करून फोनवर टाकला की मधेच बंद पडतो. दर वेळी नाही, पाच डावांत एखाद्या वेळी. बंद पडताना निरोप काही नाही. स्क्रीन क्षणभर गोठते आणि थेट होम स्क्रीन. किंवा असं होतं की एडिटरमध्येच कधीतरी लाल अक्षरांत ‘प्रीव्हियसली फ्रीड’ (आधीच मोकळा केलेला) असे शब्द असलेली एरर येते, तुम्ही तिथे एक ‘इफ’ ठोकता, आठवडाभर शांतता, आणि मग दुसऱ्याच स्क्रिप्टमध्ये तीच एरर. यातलं काही ओळखीचं वाटलं तर पुढे वाचा. गेम उघडतानाच पडत असेल तर ते बहुतेक ग्राफिक्स ड्रायव्हरचं किंवा एक्स्पोर्टच्या सेटिंगचं प्रकरण आहे, त्यावर इथे काही नाही.

एक सूचना: फंक्शनांची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना मधल्या जागी अंडरस्कोर तुम्ही घाला.

नाण्यांच्या मागे लागलेले बाण

२०१९ साली, गोडो ३.१ नुकती आली होती तेव्हा, मी गड राखण्याचा एक छोटा गेम करायला घेतला. तटावर तिरंदाज, खालून चढणारे शत्रू, एवढंच. बाण सुटताना तो ‘लक्ष्य’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये शत्रू धरून ठेवायचा आणि दर फिजिक्स टिकला (इंजिनच्या ठरावीक ठोक्याला) त्याच्या दिशेने वळायचा. शत्रू मेला की ‘क्यू फ्री’ (याला काढून टाक) आणि त्याच्या जागी एक नाणं. बाण हवेत असतानाच दुसऱ्या बाणाने शत्रू मारला तर काय, हा विचार मी केला होता. वळण्याआधी ‘इज इन्स्टन्स व्हॅलिड’ (हा ऑब्जेक्ट अजून जिवंत आहे का) विचारायचो. उत्तर ‘नाही’ आलं की बाण स्वतःला संपवायचा.

तरीही वीस-पंचवीस बाणांत एखादा बाण हवेत गर्रकन वळून जमिनीवर पडलेल्या नाण्याला जाऊन भिडायचा. मी दोन दिवस कोनाचं गणित तपासत बसलो. गणित ठीक होतं. शेवटी बाणाच्या लक्ष्याचं नाव दर टिकला छापलं, तेव्हा ओळीने ‘शत्रू, शत्रू, शत्रू, नाणं, नाणं’ असं आलं. व्हेरिएबलला मी एकदाच किंमत दिली होती. कोणी ती बदलली नव्हती. तरी आतला माणूस बदलला होता.

हे कसं होतं ते समजून घेतलं नाही तर पुढचे सगळे उपाय मंत्र म्हटल्यासारखे होतील, म्हणून इथे थोडं थांबतो.

गोडोत दोन जातीचे ऑब्जेक्ट असतात. रिसोर्ससारखे (चित्र, आवाज वगैरे) जे आहेत ते मोजणीवर जगतात: शेवटचा धरणारा सुटला की आपोआप जातात. नोड, म्हणजे शत्रू-बाणासारख्या गेममधल्या वस्तू, मात्र मोजणीवर नाहीत. नोड कधी जाणार ते कोणीतरी सांगावं लागतं, ‘फ्री’ म्हणून किंवा ‘क्यू फ्री’ म्हणून, नाहीतर त्याचा पालक नोड जाताना त्याला सोबत घेऊन जातो. जीडीस्क्रिप्टला, म्हणजे गोडोच्या स्क्रिप्ट-भाषेला, कचरा उचलणारी वेगळी यंत्रणा (गार्बेज कलेक्टर) नाही, आणि ते मुद्दाम तसं आहे. खेळ ऐन रंगात असताना मधेच झाडू मारायला कोणी येऊ नये म्हणून.

आता स्क्रिप्टमधलं प्रत्येक व्हेरिएबल आतून एक ‘व्हेरियंट’, म्हणजे कोणतीही किंमत धरणारा इंजिनचा डबा असतं. तिसऱ्या पिढीच्या गोडोत नोड धरलेल्या व्हेरियंटमध्ये त्या नोडचा मेमरीतला पत्ता, म्हणजे पॉइंटर असायचा. चाळीतल्या खोलीसारखं समजा. तुमच्याकडे पत्ता आहे, ‘दुसरा मजला, खोली १२’. भाडेकरू सोडून गेला, पत्ता तुमच्या वहीत तसाच. आणि ‘इज इन्स्टन्स व्हॅलिड’ काय करायचं? चाळीच्या नोंदवहीत बघायचं की खोली १२ मध्ये कोणी राहतं का. राहतं! नवा भाडेकरू कालच आलाय. उत्तर: ‘हो, व्हॅलिड’.

माझ्या गेममध्ये शत्रू आणि नाणं दोन्ही एरिया-टू-डी या एकाच प्रकारचे नोड. इंजिनच्या आत दोघांचा आकार एक. शत्रूची जागा मोकळी झाली की मेमरी वाटणारा तीच ताजी मोकळी जागा पुढच्या त्याच मापाच्या मागणीला देतो, आणि ती मागणी माझीच, नाण्याची. म्हणजे हा अपघात दुर्मीळ नव्हता, मी तो जवळजवळ ठरवून घडवत होतो. दोघांचे आकार वेगळे असते तर बाण क्वचितच भरकटला असता, आणि मला वाटतं मग मला कारण कळायला महिना लागला असता.

इंजिनमध्ये कोणीतरी हात घातला

गोडोचा कोड फेब्रुवारी २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुला झाला. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झूर यांनी त्याआधी तो स्वतःच्या कामांसाठी वाढवला होता. खुला झाल्यावर हा प्रश्न लोकांनी पुन्हा पुन्हा नोंदवला, वेगवेगळ्या वेषात: कोणाचा कॅमेरा भलत्याच नोडमागे जातो, कोणाचा सिग्नल (घटना कळवणारा निरोप) भलत्याला मिळतो, कोणाचा गेम नुसताच पडतो. प्रत्येक नोंदीला वेगळं ठिगळ लावता आलं असतं. बरीच वर्षं तसं होतही होतं.

एका योगदानकर्त्याने ३ च्या शाखेसाठी मुळाला हात घालणारा बदल केला आणि तो २०२० मध्ये ३.२.२ मध्ये आला. कल्पना ऐकायला साधी आहे. व्हेरियंटने थेट खोलीचा पत्ता लिहून ठेवायचाच नाही. ऑब्जेक्ट पहिल्यांदा एखाद्या व्हेरियंटमध्ये गेला की त्याच्या नावाचं एक छोटं कार्ड तयार होतं. कार्डावर दोन मुख्य गोष्टी: ऑब्जेक्टचा पॉइंटर, आणि हे कार्ड किती जणांकडे आहे त्याचा आकडा. सगळे व्हेरियंट कार्ड धरतात. ऑब्जेक्ट मेला की जाता जाता आपल्या कार्डावरचा पॉइंटर पुसून टाकतो. कार्ड मात्र राहतं, शेवटचा धरणारा सोडेपर्यंत. त्यामुळे खोलीत कोणीही नवा येऊ दे, तुमच्या हातातल्या कार्डावर ‘गेला’ हेच दिसणार.

मी तो कोड नंतर वाचला. फाइल शंभरेक ओळींच्या आतली, आणि तिच्यातली हुशारी कल्पनेत कमी, सावधपणात जास्त आहे. कार्ड गरज पडेपर्यंत बनवायचंच नाही, म्हणजे ज्या ऑब्जेक्टला कधी स्क्रिप्टने धरलं नाही त्याला भुर्दंड नाही. दोन थ्रेड (समांतर चालणारी कामं) एकाच क्षणी कार्ड मागायला आले तर दोन कार्डं बनू नयेत, म्हणून ॲटॉमिक, म्हणजे मधे कोणी घुसू शकत नाही अशी तुलना-आणि-अदलाबदल. इंजिनच्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या रचनेत हात घालायचा, प्रत्येक व्हेरिएबल कॉपी होताना चालणाऱ्या कोडमध्ये, आणि लाखो लोकांच्या चालू प्रकल्पांना धक्का लागू द्यायचा नाही. म्हणूनच पहिल्यांदा हे फक्त डिबग (दोष शोधायच्या) बिल्डमध्ये दिलं गेलं. ऑब्जेक्ट जिवंत आहे का याच्या तपासण्या रिलीज बिल्डमध्येही नेल्या गेल्या त्या ३.४ मध्ये, २०२१ साली. वर्षभर सगळ्यांच्या डिबग बिल्डमध्ये मुरल्यावर. ही घाई न करण्याची पद्धत मला फार आवडली.

मी ३.२.२ टाकली त्या दिवशी बाण नाण्यांना सोडून सरळ जायला लागले. माझ्या कोडमधली एक ओळ बदलली नव्हती.

चौथ्या पिढीत रस्ता वेगळा घेतला आहे. प्रत्येक ऑब्जेक्टला ६४ बिटांचा ओळखक्रमांक मिळतो. त्यातले २४ बिट म्हणजे कप्प्याचा क्रमांक, खोलीच. एका वेळी १,६७,७७,२१६ कप्पे. ३९ बिट म्हणजे पडताळणीचा क्रमांक, जो प्रत्येक नव्या ऑब्जेक्टला पुढचा मिळतो, सुमारे ५५ हजार कोटींपर्यंत. उरलेला एक बिट सांगतो की हा मोजणीवर जगणारा आहे की नाही. चाळीच्या भाषेत: नुसती खोली नाही, भाडेकराराचा नंबरही वहीत लिहायचा. खोली १२ मध्ये नवा माणूस असला तरी करार जुळला नाही की ‘तो माणूस नाही’ हे एका तुलनेत कळतं. म्हणून ४ मध्ये ‘इज इन्स्टन्स व्हॅलिड’ वर भरवसा ठेवायला हरकत नाही.

मग ४ मध्ये गेम फोनवर का पडतो?

तपासणी आहे, पण कुठे आहे

४.२ चा कोड उघडून व्हेरियंटचं मेथड-कॉल करणारं फंक्शन बघितलं तर ऑब्जेक्ट जिवंत आहे का याची तपासणी तिथे आहे, पण ती डिबगच्या कुंपणात आहे, रिलीजमध्ये ती नसते. त्यातही एक अट: डीबगर जोडलेला असेल तरच. वेगासाठी केलेली तडजोड आहे ही. दर कॉलला नोंदवही चाळायची नाही. पटो न पटो, परिणाम समजून घ्या. एडिटरमधून चालवताना मेलेल्या नोडवर फंक्शन बोलावलं तर लाल एरर येऊन गेम थांबतो. रिलीजमध्ये तोच कॉल थेट मोकळ्या झालेल्या मेमरीवर जातो. तिथे काय असेल ते नशीब. कधी जुनाच मजकूर तसाच पडलेला असतो आणि काहीच होत नाही, कधी बाण जागच्या जागी थिजतो, कधी गेम पडतो. एकाच बगची तीन फोनवर तीन लक्षणं दिसतात ती यामुळे.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते जी मला उशिरा कळली: डिबग एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) नुसती फोनवर टाकून खेळणं म्हणजे ‘एडिटरसारखं’ खेळणं नव्हे. यूएसबीने जोडा, रिमोट डिबग चालू ठेवून एडिटरमधूनच फोनवर डिप्लॉय करा, आणि मग खेळा. तेव्हाच सगळ्या तपासण्या जाग्या असतात.

सातवी लाट

तोच गडाचा गेम मी ४.२ वर आणला आणि साताऱ्याच्या मामेभावाला पाठवला. दोन दिवसांनी त्याचा निरोप: “दादा, सातव्या लाटेला गेम आपोआप बंद होतो.” माझ्याकडे होत नव्हता. मी त्याला “फोन रीस्टार्ट करून बघ” असं सांगितलं, ज्याची मला अजून लाज वाटते.

गणपतीत तो घरी आला तेव्हा फोन ताब्यात घेतला. एडीबी या साधनाने लॅपटॉपला जोडून लॉगकॅट, म्हणजे फोनच्या नोंदी दाखवणारी खिडकी, चालू केलं आणि त्याला खेळायला बसवलं. सातव्या लाटेच्या शेवटी गेम गेला, लॉगमध्ये ‘सिग्नल ११’ (मेमरीत भलत्या जागी हात गेल्याची सिस्टीमची खूण, गोडोचा सिग्नल नव्हे) आणि फॉल्टचा पत्ता. हा पत्ता नीट बघायचा असतो. तो शून्य किंवा शून्याच्या आसपासचा दोन-तीन आकडी असेल तर बहुधा नल (कशाकडेच न दाखवणारा) पॉइंटर आहे, कोणीतरी ऑब्जेक्ट मिळालाच नाही हे न बघता वापरला. लांबलचक, अर्थहीन वाटणारा असेल तर मोकळ्या जागेवर हात गेल्याची शंका घ्या. माझा लांबलचक होता.

बाणाच्या स्क्रिप्टमध्ये मी, अनुभवी माणूस म्हणून, यावेळी फार व्यवस्थित वागलो होतो. प्रत्येक शत्रूला ‘मेला’ नावाचा सिग्नल, बाण तो ऐकतो, ऐकला की लक्ष्य नल करतो. मग तपासणीची गरजच काय? म्हणून ‘इज इन्स्टन्स व्हॅलिड’ काढून टाकलं होतं. दर टिकला बाण शत्रूचं ‘निशाण दे’ हे फंक्शन बोलवायचा, कारण उंच शत्रूंचं निशाण डोक्याकडे हवं होतं.

लॅपटॉपवर लिनक्समध्ये मी रिलीज टेम्प्लेट (एक्स्पोर्ट केलेल्या गेममधलं इंजिन) ॲड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनासह बांधला. स्कॉन्सला (इंजिन बांधायच्या साधनाला) ‘यूज एसॅन’ आणि ‘डिबग सिम्बॉल्स’ हे दोन पर्याय ‘यस’ द्यायचे, ‘टार्गेट’ ला ‘टेम्प्लेट रिलीज’. चहा करून या, दोनदा. असा बिल्ड साधारण निम्म्या वेगाने चालतो आणि मेमरी भरपूर खातो, पण मोकळ्या जागेला कोणी शिवलं की तिथल्या तिथे गेम थांबवून फंक्शन-कॉलच्या तीन साखळ्या छापतो: आत्ता कोणी वापरलं, आधी कोणी मोकळं केलं, आणि मुळात कोणी मागितलं होतं.

लोक पहिली साखळी वाचून थांबतात. पहिल्या साखळीत माझ्याही बाबतीत अपेक्षित तेच होतं: जीडीस्क्रिप्टचा कॉल, त्यात व्हेरियंटचा कॉल, आणि तिथे मृत्यू. खरी गोष्ट दुसऱ्या साखळीत होती. डिलीटची रांग उपसणारं सीन ट्रीचं (चालू गेममधल्या नोडांच्या झाडाचं) फंक्शन, त्यातून एका नोडला ‘आता तू जाणार’ ही सूचना, आणि त्या सूचनेच्या आतून पुन्हा एक नोड डिलीट. नोडच्या आत नोड. म्हणजे शत्रू स्वतः मेलाच नव्हता. त्याचा पालक गेला आणि जाताना त्याला घेऊन गेला.

पालक कोण? ‘लाट’ नावाचा नोड. पहिल्या सहा लाटा सगळे शत्रू मेल्यावर संपतात. सातवीपासून मी वेळेची मर्यादा घातली होती: घड्याळ संपलं की लाट ‘क्यू फ्री’, उरलेले शत्रू तिच्यासोबत. ते शत्रू ‘मेला’ म्हणून ओरडत नाहीत, कारण तो सिग्नल मी जीव शून्य झाल्यावर सोडत होतो. आणि हवेत बाण असतातच. माझ्याकडे गेम कधी पडला नाही, कारण एडिटरमध्ये मी कायम पहिल्या तीन लाटा खेळून ‘चालतंय’ म्हणायचो.

काय बदललं

सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे स्वतःचा सिग्नल सोडून इंजिनचा ऐकणं. शत्रूच्या ‘ट्री एक्झिटिंग’ ला बाण जोडला. नोड कोणत्याही कारणाने झाडातून निघाला, स्वतः गेला, पालकासोबत गेला, सीन बदलला, तरी हा सिग्नल येतो. तिथे लक्ष्य नल. एक लक्षात ठेवा: नोडचा पालक बदलतानाही तो झाडातून क्षणभर निघतो आणि सिग्नल वाजतो. माझ्या शत्रूंना ते लागत नाही. तुमच्या गेममध्ये वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जात असतील तर लागेल.

हे होईपर्यंत, आणि झाल्यावरही, ‘इज इन्स्टन्स व्हॅलिड’ परत आणलं. त्याच्याबद्दलच्या दोन खोड्या बऱ्याच जणांना चावतात. पहिली: ‘क्यू फ्री’ म्हटल्या म्हटल्या नोड जात नाही, फ्रेम संपताना जातो. तोवर ‘इज इन्स्टन्स व्हॅलिड’ खुशाल ‘हो’ म्हणतं. जाणाऱ्या शत्रूवर नवा बाण सोडायचा नसेल तर ‘इज क्यूड फॉर डिलीशन’ हेही विचारावं लागतं. दुसरी जास्त वाईट आहे. सगळीकडे तीच तपासणी लिहायला नको म्हणून तुम्ही एक मदतनीस फंक्शन करता, ‘जिवंत आहे का’, आणि चांगल्या सवयीने त्याच्या पॅरामीटरला ‘नोड’ हा टाइप देता. आता मेलेला नोड त्याला दिला की तपासणीपर्यंत पोचायच्या आधीच एरर: दिलेली गोष्ट अपेक्षित क्लासची नाही, ‘प्रीव्हियसली फ्रीड’ आहे. आजारी माणसाला दवाखान्याच्या दारातच ‘निरोगी असाल तरच आत या’ म्हटल्यासारखं. त्या एका पॅरामीटरला टाइप देऊ नका.

‘अवेट’ (सिग्नल येईपर्यंत स्क्रिप्ट थांबवणं) असेल तिथे डोळ्यात तेल घाला. अवेटच्या वर धरलेला शत्रू अवेटच्या खाली तोच असेल याची हमी नाही. मधे एक सेकंद गेला आहे, आणि टॉवर डिफेन्समध्ये, म्हणजे असल्या गड राखायच्या गेममध्ये, सेकंद म्हणजे पिढी. ज्या नोडची स्क्रिप्ट थांबली आहे तोच गेला तर इंजिन सांभाळून घेतं. पण तुम्ही लोकल व्हेरिएबलमध्ये धरलेल्या परक्याचं ते काय सांभाळणार? अवेटनंतरची पहिली ओळ तपासणीची, ही मी स्वतःला घातलेली सक्ती आहे. लॅम्डाचंही (जागच्या जागी लिहिलेल्या बिननावी फंक्शनचंही) तेच. लॅम्डाने पकडलेला नोड गेला असेल तर ४ मध्ये एरर येते आणि त्याच्या जागी नल दिला जातो. ती एरर आउटपुटमध्ये वाहून जाते आणि आपण बघत नाही.

जिवंत शत्रूंची स्वतःची यादी ॲरेमध्ये ठेवण्यापेक्षा ग्रुप वापरा. झाडातून निघालेला नोड ग्रुपमधून आपोआप निघतो, ॲरेमधून निघत नाही. आणि जिथे फक्त ‘कोण होता’ एवढंच लक्षात ठेवायचं आहे, जसं की शेवटचा वार कोणी केला, तिथे नोड धरूच नका. त्याचा इन्स्टन्स आयडी ठेवा आणि लागेल तेव्हा ‘इन्स्टन्स फ्रॉम आयडी’ ला विचारा. आयडी हा आकडा आहे, तो मरत नाही; माणूस नसेल तर नल मिळतं. सी-शार्पवाल्यांना या सगळ्याऐवजी ‘ऑब्जेक्ट डिस्पोज्ड’ एक्सेप्शन दिसेल, कारण तेच.

बग मुद्दाम घडवून बघायचा असेल तर बाणाचा वेग दहापट कमी करा, लाटेची मर्यादा पाच सेकंद करा, ‘मॅक्स एफपीएस’ दहावर आणा. जे फोनवर पाच डावांत एकदा होत होतं ते माझ्याकडे दर वेळी व्हायला लागलं. दुरुस्ती झाली की नाही हे सांगायला हाच मांडलेला सापळा लागतो. ‘आठवडाभर पडला नाही’ याला मी आता पुरावा मानत नाही.

इंजिनचाच दोष निघाला तर

दहापैकी नऊ वेळा दोष आपल्या स्क्रिप्टचा निघतो. दहाव्या वेळी साखळीत तुमची स्क्रिप्ट कुठेच नसते, सगळी इंजिनचीच फंक्शनं असतात. असं असेल तर गप्प बसू नका, पण अख्खा प्रकल्प झिप करून पाठवूही नका. गोडोच्या लोकांना हवा असतो छोट्यात छोटा प्रकल्प ज्यात दोष दिसतो. नवा रिकामा प्रकल्प उघडा, एक सीन, एक स्क्रिप्ट, आणि तेवढ्यात पाडून दाखवा. माझा अनुभव असा की हे करता करताच निम्म्या वेळा आपली चूक सापडते आणि नोंद करायची वेळच येत नाही. नोंदीत आवृत्ती, सिस्टीम, ग्राफिक्स कार्ड, आणि जुन्या आवृत्तीत हे होत होतं का ते लिहा. होत नसेल तर गिट बायसेक्टने नेमका कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) काढून द्या. दोन आवृत्त्यांमध्ये हजारभर कमिट असले तरी अर्धं अर्धं करत दहा बिल्डमध्ये पोचता येतं. रात्रभराचं काम आहे, पण असा आकडा दिलेली नोंद कोणीतरी लगेच उचलतं.

माझा स्वतःचा हातभार दोन ओळींचा आहे. एका फंक्शनला नल दिलं की इंजिन आडवं व्हायचं. मी ‘इफ नल तर रिटर्न’ लिहून पाठवलं. तपासणाऱ्याने नम्रपणे सांगितलं की नुसतं रिटर्न नको, ‘एर फेल नल’ हा मॅक्रो वापरा. फरक हा की मॅक्रो फाइल, ओळ आणि अट छापून परत फिरतो. गोडो सी-प्लस-प्लसचे एक्सेप्शन वापरत नाही. चूक सापडली की ओरडायचं आणि शक्य तितकं चालू राहायचं, अशी तिथली रीत. गुपचूप रिटर्नने क्रॅश गेला असता आणि त्यासोबत खरा दोष शोधायचा धागाही. मग म्हणाले, तीन कमिट आहेत ते एक करा. केले. सीआयवर (बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवर) प्रत्येक बदल सॅनिटायझर लावलेल्या बिल्डवरही चालवला जातो, तिथे हिरवी खूण आली, आणि काही दिवसांनी बदल मास्टर या मुख्य शाखेत गेला. चालू स्थिर शाखेसाठी वेगळा उचलला गेला.

एक कोपरा अजून उरतो तो थ्रेडचा. वर सांगितलेलं सगळं मुख्य थ्रेडवर धरून आहे. दुसऱ्या थ्रेडवरून ‘इज इन्स्टन्स व्हॅलिड’ विचारलं, ‘हो’ मिळालं, आणि पुढची ओळ चालायच्या आत मुख्य थ्रेडने तो नोड संपवला, असं होऊ शकतं; त्या दोन ओळींच्या मधल्या फटीला तपासणीने बूच बसत नाही. सीन ट्री थ्रेड-सुरक्षित नाही, म्हणजे दोन थ्रेडनी एकदम हात लावण्यासाठी ती बनलेली नाही. थ्रेडमध्ये फक्त आकडे आणि आयडी न्या, हिशोब करा, आणि नोडला हात लावायचं काम ‘कॉल डिफर्ड’ ने मुख्य थ्रेडकडे सोपवा. तिकडे पोचल्यावर आयडीवरून नोड मागा आणि नल आला तर सोडून द्या.